दोघांचे एक नाव

मंडईच्या आदल्या संध्याकाळी दोघे माझ्याकडे आले. दोघेही माझे जुने विद्यार्थी. वर्गात एका बाकावर बसत आणि एकाच वेळी मार खात. एक इथलाच, ब्रह्मपुरीच्या बाजूचा. बापाबरोबर बांधीत राबतो. दुसरा मूळचा कोरची तालुक्यातला. शिक्षणासाठी मामाकडे राहिला होता, आता वडशाला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. दोघांच्या मध्ये वैनगंगा आहे. एकाचा जिल्हा चंद्रपूर आणि दुसऱ्याचा गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकच होते. वाटणी झाली, पण नदीवरची ये-जा काही थांबली नाही.

त्यांनी तपासायच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर मोबाइल ठेवला आणि म्हणाले, "सर, आमचा अल्बम आयका." आठ गाणी होती. ज्याला आजची पोरे रॅप म्हणतात, तशी. सहा झाडीबोलीत, एक हिंदीत आणि एक गोंडीत. खोलीत आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घाम गाळीत त्यांनी ती मोबाइलवरच मुद्रित केली होती. ठेका वडशाच्या पोराने बसवलेला, शब्द बहुतेक शेतकऱ्याच्या पोराचे, आवाज दोघांचे. धानाला न मिळणारा भाव, बांधीत उतरणारे वाघाचे भय, नोकरीच्या परीक्षेसाठी रात्रीच्या गाडीने नागपूरला जाणारी पोरे, असे विषय. काही ओळी कच्च्या होत्या. काही ओळी अशा होत्या की त्या मला सुचल्या असत्या तर मी एक प्रकरण त्यांच्याभोवती उभे केले असते.

ऐकून झाल्यावर कळले की ते दाद घ्यायला आलेच नव्हते. निवाडा घ्यायला आले होते. अल्बमच्या चित्रावर दोघांची नावे घालायची होती, आणि त्यावरून त्यांचे महिनाभर बोलणे बंद होते. "सर, पयले कोनाचं नाव लेवाचं?" एकाने विचारले. दुसरा खाली पाहत होता.

मी हसलो. एवढ्यासाठी का भांडता रे, असे म्हणालो. पण ते गेल्यावर झोप येईना. या प्रश्नाने मी का दचकलो ते पुढे सांगणारच आहे. तूर्त एवढेच म्हणतो, की प्रश्न दिसतो तेवढा पोरकट नाही. दोघांनी मिळून एखादी गोष्ट घडवली, तर ती कोणाची? आणि पुढे दोघे वेगळे झाले, तर एकाने दुसऱ्याचे काय देणे लागते? माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच; तेव्हा तत्त्वज्ञांचे दाखले माझ्याकडून अपेक्षू नयेत. जे पाहिले, वाचले आणि जे केले, त्याच्या आधारानेच मी हा विचार करणार आहे.

ज्यांना हे रॅप प्रकरण परके वाटते त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ठेक्यावर बोललेली कविता, एवढीच त्याची व्याख्या पुरे आहे. न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या गरीब वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ च्या रात्री एका बहिणीने समारंभ ठेवला आणि तिच्या भावाने त्यात तबकड्या वाजवल्या. जमैकाहून आलेला हा भाऊ पुढे डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा तो लांबवीत नेई आणि त्याचा मित्र कोक ला रॉक ध्वनिक्षेपकावरून लोकांशी बोले. या कलेचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात. म्हणजे पहिल्या रात्रीपासूनच इथे दोघे आहेत, एक ठेका धरणारा आणि एक शब्द टाकणारा.

आमच्या भागाला हे अगदीच अनोळखी नाही. हातात खंजिरी घेऊन तुकडोजी महाराजांनी अवघे विदर्भ जागे केले. १९४२ च्या ऑगस्टात चिमूरला जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती असे सारे मानतात. सरकारला तर त्या खंजिरीची इतकी धास्ती वाटली की त्याच वर्षी त्यांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले. ठेक्यावर बोललेल्या शब्दाचे बळ काय असते, हे चांदा जिल्ह्याला न्यूयॉर्ककडून शिकावे लागले नाही.

पण नावाचा तंटा मात्र तिकडे लवकर सुरू झाला. १९८२ साली 'द मेसेज' नावाचे एक गाणे निघाले. गरीब वस्तीतल्या जगण्याविषयी या कलेने प्रथमच इतक्या गंभीरपणे तोंड उघडले, म्हणून ते गाजले. तबकडीवर नाव होते 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरिअस फाइव्ह' यांचे. प्रत्यक्षात ते गाणे घडवले ड्यूक बूटी आणि मेली मेल या दोघांनी. ज्या फ्लॅशचे नाव सर्वांत पुढे होते, त्याचा त्या गाण्याच्या घडणीत हातच नव्हता. ज्याने ठेका धरला नाही त्याचे नाव अग्रभागी, आणि ज्याने शब्द व चाल दिली तो ड्यूक बूटी त्या मंडळींत मोजलाही गेला नाही. तेव्हा नाव आणि काम यांची फारकत ही काही आमच्या दोन पोरांनी काढलेली नवी कागाळी नव्हे.

दुसऱ्या दिवशी वडशाचा पोरगा एकटाच आला. म्हणाला, "सर, आउटकास्टचं आयकलं का?" मी ऐकले नव्हते. त्याने सांगितले ते आणि पुढे मी स्वतः वाचून काढले ते मिळून सांगतो.

अमेरिकेच्या दक्षिणेला अटलांटा नावाचे शहर आहे. तेथे आंद्रे बेंजामिन आणि अँट्वान पॅटन हे दोन शाळासोबती एकत्र आले. एक आंद्रे ३००० झाला, दुसरा बिग बॉय. जोडीचे नाव आउटकास्ट, म्हणजे वाळीत टाकलेले. पहिला अल्बम १९९४ साली निघाला. १९९५ साली न्यूयॉर्कला त्यांना नवोदितांचे पारितोषिक मिळाले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रॅप म्हणजे न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया. हे दक्षिणेकडचे कोण, असा भाव. आंद्रेने तेवढ्याच ठामपणे सांगितले, की दक्षिणेलाही काही सांगायचे आहे. हे वाचताना मला आमच्या झाडीपट्टीची आठवण झाली नसती तरच नवल. दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्याकडे रात्र-रात्र नाटके होतात, वडशाला मंडळ्यांची कार्यालये आहेत, हजारो माणसे थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. तरी 'मराठी रंगभूमी' म्हटली की पुण्या-मुंबईच्या माणसाला आमची आठवण उशिरा होते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे अनेकांनी विचारले, ही झाडीपट्टी म्हणजे नेमकी कोणती?

असो. मुद्दा जोडीचा आहे. सप्टेंबर २००३ मध्ये या दोघांनी एक अल्बम काढला. त्यात दोन तबकड्या होत्या. एकीचे नाव 'स्पीकरबॉक्स', ती बिग बॉयची. दुसरीचे 'द लव्ह बिलो', ती आंद्रेची. आवडीनिवडी इतक्या दूर गेल्या होत्या की एक आपल्या जुन्या रॅपशी इमान राखून होता आणि दुसरा गाऊच लागला होता. बोलून चालून दोन वेगळे अल्बम. पण वेष्टन एक, आणि नाव एकच, आउटकास्ट. आतून मात्र भिंत पक्की नव्हती. बिग बॉयच्या तबकडीत आंद्रेने काही ठेके बसवून दिले होते आणि आंद्रेच्या तबकडीत एका गाण्यात बिग बॉय येऊन बोलून गेला होता. पुढे तर मौज झाली. आंद्रेचे 'हे या!' नऊ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि २००४ च्या फेब्रुवारीत त्याला खाली ओढले ते बिग बॉयच्याच 'द वे यू मूव्ह' या गाण्याने. त्याच महिन्यात वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक त्या एका वेष्टनाला मिळाले. २००६ नंतर दोघांनी मिळून नवा अल्बम काढला नाही. पण २०१४ साली, पहिल्या अल्बमला वीस वर्षे झाली तेव्हा, दोघे पुन्हा एका मंचावर उभे राहिले आणि गावोगाव फिरले.

पोरगा म्हणाला, "सर, तसंच करू का? चार गानी त्याचे, चार माहे." मी विचारले, "पण ही आठ गाणी तशी वेगळी काढता येतील का?" तो गप्प बसला. काढता येणार नव्हती. एका ओळीत निम्मे शब्द एकाचे आणि दम दुसऱ्याचा, अशी ती गाणी होती.

आपल्या कायद्यालाही ही अडचण ठाऊक आहे. १९५७ च्या आपल्या लेखाधिकार कायद्यात संयुक्त कृतीची व्याख्या दिली आहे, ती अशी की दोघांच्या सहकार्याने झालेल्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा ओळखता येत नाही, तेव्हाच ती संयुक्त. शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल, तर कायदा त्या दोन वेगळ्या कृती मानतो. कायद्याचे ठीक आहे; त्याला पैसे वाटायचे असतात. पण ज्यांनी कधी कुणाबरोबर बसून काही लिहिले आहे, त्यांना माहीत असते की शब्द आणि चाल यांच्यातही तसा बांध नसतो. ठेका ऐकूनच शब्द सुचतो. शब्द ऐकून ठेका बदलतो. आणि जोडीदाराची सर्वांत मोठी देणगी पुष्कळदा कागदावर उरतच नाही. त्याने खोडलेली ओळ, त्याने तोंड वाकडे केले म्हणून आपण फाडलेले पान, याचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

आपल्या मराठीत या प्रश्नाची दोन उत्तरे फार पूर्वी दिली गेली आहेत, आणि दोन्ही मला शिकवून गेली आहेत.

पहिले उत्तर होनाजी बाळाचे. मी वर्गात विचारतो, होनाजी बाळा कोण होते? मुले सांगतात, एक शाहीर होते. मी म्हणतो, एक नव्हे, दोन. होनाजी शिलारखाने हा कवने रचणारा आणि बाळा कारंजकर ती गाणारा. उत्तर पेशवाईत दोघांचा फड गाजला, आणि दोघांची नावे अशी काही सांधली गेली की लोक त्यांना एकच माणूस समजू लागले. १९५१ साली शांतारामबापूंनी 'अमर भूपाळी' काढला, तो या होनाजीवरच. तरी माझ्या वर्गातला गैरसमज तसाच आहे. मला मात्र तो गैरसमज मोलाचा वाटतो. रचणारा थोर की गाणारा थोर, हा वाद ज्या जोडनावात संपूनच गेला, ते नाव म्हणजे दोघांनी मिळून केलेली सर्वांत चांगली रचना होय. होनाजीला लेखणीचा अहंकार धरता आला असता. कागद त्याच्या हातात होता. त्याने बाळाला आपल्या नावात जागा दिली.

दुसरे उत्तर पठ्ठे बापूराव आणि पवळा यांचे. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आजच्या सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्षचे, जन्माने ब्राह्मण. पवळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार समाजातली. त्या काळात या दोघांनी एका बोर्डावर उभे राहावे हीच केवढी गोष्ट! बापूरावांच्या लावण्या आणि पवळेचे रूप, तिचा आवाज, तिची अदा यांनी मुंबई वेडी केली. पुढे दोघांचे फाटले. जोडी मोडली आणि फडाचे तेजही गेले. बापूरावांची अखेरची वर्षे हलाखीत गेली आणि १९४५ साली ते वारले. आज बापूरावांच्या लावण्या पुस्तकांत आहेत. पवळेने त्या जिवंत केल्या, ते मात्र कुठे छापता येत नाही. तिचे नाव येते ते बापूरावांच्या चरित्रातले एक प्रकरण म्हणून. दोघांनी मिळून पेटवलेल्या दिव्याचा उजेड एकाच्याच खात्यावर जमा झाला. याला कुणा एकाचा दोष म्हणता येणार नाही. पण ज्याच्या हाती लेखणी आहे, ज्याची जात वरची, आणि जो पुरुष आहे, त्याच्याकडे इतिहासाचा तराजू आपोआप झुकतो, हे यावरून दिसते.

म्हणूनच "कलेत नाव कशाला हवे?" असे जेव्हा कोणी थोरपणाने म्हणतो, तेव्हा मी सावध होतो. दंडारीतली गाणी कोणी रचली हे कुणाला ठाऊक नसते. जात्यावरच्या ओव्यांना कवयित्रीचे नाव नसते. हे सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिथे कोणाचेच नाव नसते. जिथे एकाचे नाव छापले जाते आणि दुसऱ्याला निःस्पृहतेचा उपदेश मिळतो, तिथे त्या उपदेशात चोरी असते. नाव सोडायचे असेल तर दोघांनी सोडावे.

आणि जोडी मोडल्यावर? मुंबईचेच अलीकडचे उदाहरण घ्या. अंधेरीचा डिव्हाइन आणि कुर्ल्याचा नेझी यांनी २०१५ साली 'मेरे गली में' हे गाणे मिळून केले. झोपडपट्टीतल्या आणि चाळीतल्या पोरांनी ते डोक्यावर घेतले. पुढे दोघांची वाटचाल स्वतंत्र झाली. २०१९ साली त्यांच्या आयुष्यांवरून स्फुरलेला 'गली बॉय' हा चित्रपट आला आणि ते गाणे देशभर पोचले. चित्रपटात मात्र नायक एकच आहे. दुसरा त्याचा वाटाड्या झाला आहे. मी कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे चित्रपटवाल्यांना नावे ठेवणार नाही. कथेला एक नायक सोयीचा असतो. दोन सारख्या उंचीची माणसे कथेत उभी केली की वाचकाचे लक्ष विभागते, असे आम्हीच मानत आलो. पण आयुष्यात पुष्कळदा दोन सारख्या उंचीची माणसेच असतात, आणि कथेच्या सोयीसाठी आपण त्यातल्या एकाला बसायला सांगतो.

आता माझ्याविषयी बोलणे टाळता येत नाही.

तरुणपणी माझा एक मित्र होता. शेतकरी, सातवीनंतर शाळा सुटलेला. झाडीपट्टीच्या रंगमंचासाठी आम्ही दोघांनी मिळून एक नाटक लिहिले. कथानक बसवले मी, पदे त्याची. संवाद कोणाचे ते सांगता येणार नाही, कारण रात्री खळ्यावर धानाची राखण करीत आम्ही ते बोलून-बोलून रचले. नाटकाचे तीनच प्रयोग झाले. मग संसार, नोकरी, आणि एका क्षुल्लक उसनवारीवरून आमचे बोलणे बंद झाले. काही वर्षांनी त्याच कथानकावर मी कादंबरी लिहिली. ती माझी पहिली कादंबरी. तिनेच मला चार लोकांत लेखक केले. तिच्यात एक म्हातारी आहे, तिच्या बोलण्याची वाचकांनी फार स्तुती केली. तिचे बोलणे निम्म्याहून अधिक त्याचे होते. मुखपृष्ठावर माझे एकट्याचे नाव आहे. आत अर्पणपत्रिकाही नाही.

त्या वेळी मी मनाशी जे युक्तिवाद केले, ते सगळे मला आठवतात. नाटक वेगळे आणि कादंबरी वेगळी. कागदावर लेखणी माझी चालली. त्याने स्वतः काहीच तक्रार केली नाही. आणि शेवटचा युक्तिवाद, जो मला आज सर्वांत लाजिरवाणा वाटतो: तो कुठे वाचणार आहे? पण त्याने ती वाचली होती. बाजारात भेटला तेव्हा एवढेच म्हणाला, "बुडी चांगली बोलते." मी मान डोलावली आणि सायकलवर बसलो. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

म्हणून त्या संध्याकाळी दोन पोरांनी निवाडा मागितला, तेव्हा मी हसलो खरा, पण आतून आरोपीच्या पिंजऱ्यात होतो.

पुष्कळ विचार करून माझे मत असे झाले आहे. जोडीच्या कामातली नावे ही श्रेयाची वाटणी नव्हे. वाटणी म्हटली की मोजमाप आले, आणि मोजमाप करताना प्रत्येक जण स्वतःच्या फुटपट्टीनेच मोजतो. नाव ही साक्ष आहे. 'हे घडले तेव्हा मी एकटा नव्हतो' एवढेच ते सांगते. ही साक्ष पुढच्या भांडणाने खोटी ठरत नाही. माझा जोडीदार नंतर वाईट वागला असेल, माझे पैसे बुडवले असतील. तरी ज्या रात्री आम्ही खळ्यावर बसलो होतो, ती रात्र काही बदलत नाही. जोडी मोडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. कोणी कोणाला जन्मभर बांधलेला नाही. पण झालेल्या गोष्टीतून दुसऱ्याला पुसून टाकण्याचा अधिकार कोणालाच नाही. आउटकास्टच्या दोघांनी एका छताखाली वेगळ्या चुली मांडल्या, पण दारावरची पाटी उतरवली नाही. त्यांचे मला कौतुक वाटते ते एवढ्यासाठीच.

कोणी म्हणेल, मग ज्याने पाच ओळी दिल्या आणि ज्याने पाचशे दिल्या, ते दोघे सारखेच? नाही. कोणी काय केले, ते आतल्या पानावर स्वच्छ लिहावे. त्यात खोटा विनय नको. सल्ला देणारा प्रत्येक जण सहलेखक नसतो, आणि चहा पाजणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर घालावे असेही मी म्हणत नाही. कसोटी एकच आहे, आणि ती स्वतःलाच लावायची आहे: तो नसता, तर ही गोष्ट अशीच झाली असती का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याला नेहमी माहीत असते. मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

हे सगळे त्या पोरांना कसे सांगावे, हे मला कळत नव्हते. शेवटी जंगलाचाच दाखला उपयोगी पडला. २००६ साली वनहक्क कायदा आला. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्यांना त्याने पट्टे दिले. त्या कायद्यात म्हटले आहे, की लग्न झालेल्या माणसाचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवायचा. तो वारसाला जाईल, पण विकता येणार नाही, कुणाच्या नावे करून देता येणार नाही. आणि त्याच कायद्याने धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे अमुक झाड अमक्याचे, असे कोणी म्हणू शकत नाही. पण जंगल आमचे, असे प्रत्येक जण म्हणू शकतो. मी पोरांना म्हणालो, तुमची आठ गाणी त्या पट्ट्यासारखी आहेत. पुढे भांडा, वेगळे व्हा, लग्ने करून दोन दिशांना जा. ती तुमच्या पोरांना मिळतील. पण एकट्याने विकायची नाहीत, आणि दुसऱ्याचे नाव खोडायचे नाही.

कोरचीच्या पोराच्या घरी असा पट्टा आहे. तो जरा वेळ थांबून म्हणाला, "हो सर. मायचं नाव बाच्या खाली हाय. पन हाय."

मी चमकलो. इतका वेळ मी बोलत होतो, त्यातले सार त्याने एका वाक्यात सांगितले होते. आणि त्यात जी सल होती, तीही माझ्या बोलण्यात नव्हती. खाली आहे, हे तो विसरला नव्हता. 'नाव असले की झाले' म्हणणे वरच्या नावाला सोपे जाते. वर कोण आणि खाली कोण, हा प्रश्न उरतोच. तो मला सोडवता आला नाही. त्यांनी मात्र दुसऱ्या दिवशी आपसात सोडवला: अल्बममध्ये ज्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू येतो, त्याचे नाव पहिले, पुढचा अल्बम झाला तर सुरुवात दुसऱ्याने करायची. मंडईच्या रात्री दंडार संपल्यावर, पहाटेच्या सुमारास, त्यांनी त्यातली दोन गाणी लाउडस्पीकरवर म्हटली. म्हाताऱ्यांना शब्द कळले नाहीत, पण ठेक्यावर माना हलल्या. वाघाच्या गाण्याला 'वन्समोर' मिळाला.

त्यानंतर मी प्रकाशकाला पत्र लिहिले. कादंबरीची नवी आवृत्ती निघायची आहे. तिच्यावर दोन नावे घालावीत, आणि त्याचे नाव आधी, असे कळवले. मग मित्राच्या घरी गेलो. अंगणात धानाचे पुंजणे रचलेले होते. वहिनींनी खाट टाकली, चहा दिला. मी जे सांगायला आलो होतो ते सांगितले. त्या बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "आता कायले भाऊजी?"

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. खरोखरच विचारत होत्या. मी त्यांना सांगितले, की हे त्याच्यासाठी आहे. पण परत येताना मला ते पटेना. त्याच्यासाठी करायचे होते, तेव्हा तो बाजारात माझ्यासमोर उभा होता. आता जे होते आहे ते बहुधा माझ्यासाठीच आहे. तरीही ते नाव छापले जावे, असे मला वाटते. कारण त्यांचा नातू यंदा माझ्या वर्गात आला आहे, आणि तो वाचायला शिकला आहे.